बार लाइनमधली वर्षं: कुणाला सांगायचं, कुणाला नाही

प्रश्न बदलापूरहून आलाय. ताईंचं वय ४४. १९९९ ते २००५ ठाण्याच्या एका बारमध्ये डान्सर, डान्स बारवर बंदी आल्यानंतर काही वर्षं ऑर्केस्ट्रा बारमध्ये सिंगर. नवऱ्याला सगळं माहीत होतं. तो २०११ मध्ये सोडून गेला. आता स्वतःच्या वन-रूम-किचनमध्ये राहतात, पोळीभाजीचे डबे देतात. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, मुलगा दहावीत. मुलांना आजवर सांगितलंय की आई हॉस्पिटलात रात्रपाळीला होती. जुन्या ओळखीचा एक माणूस पैसे मागतोय, नाहीतर मुलीला आणि सोसायटीला सांगीन म्हणतो. त्यातच एक यूट्यूब चॅनलवाले चेहरा दाखवून मुलाखत द्या म्हणून मागे लागलेत. ताई लिहितात, "सनी लिओनी सगळ्या जगाला सांगते, मग मीच का माझं पाप लपवू? सगळ्यांना एकदाच सांगून मोकळी होऊ का?"

ताई, आधी थोडक्यात सांगते, मग कारणं. मुलीला सांगा, तुम्हीच सांगा आणि लवकर सांगा. मुलाला थोडं नंतर आणि थोडं कमी. पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका. सोसायटीला सांगायचं काही कारण नाही. कॅमेऱ्यासमोर सध्या नको. आणि यातलं काहीही करायच्या आधी जुन्या केसचे कागद शोधा, केस झालीच नव्हती असं वाटत असेल तरीसुद्धा.

मी वकील आहे. बंदीच्या आधीपासून ठाणे-मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टांत बार लाइनमधल्या बायकांच्या केसेस केल्या. पुढे त्यांच्याच घटस्फोटाच्या, मुलांच्या ताब्याच्या, भाड्याच्या खोलीच्या. रेडनंतरची सकाळ पाहिलीय आणि वीस वर्षांनी घरात ही बातमी भलत्याच माणसाकडून पोचते तो दिवसही पाहिलाय.

"सगळ्यांना एकदाच सांगून मोकळी होते" हे मला अनेकजणी म्हणाल्यात. त्यामागे थकवा असतो. एक खोटी नोकरी वर्षानुवर्षं सांभाळायची, हॉस्पिटलचं नाव चुकू द्यायचं नाही, कुठल्या नणंदेला काय सांगितलं होतं ते आठवत राहायचं, यात माणूस नाचण्यापेक्षा जास्त दमतो. पण सगळ्यांना सांगून तो थकवा जात नाही. मग सगळ्यांची तोंडं सांभाळत बसावं लागतं. ही माहिती ज्याच्याकडे जाते त्याला तुमच्यावर थोडा जोर मिळतो, म्हणून कुणाला तो जोर मिळाला तर चालेल एवढंच बघायचं. लेकीला मिळाला तर बहुतेक घरं आधीपेक्षा घट्ट झालेली मी पाहिलीत. सोसायटीच्या सेक्रेटरीला मिळाला तर पाण्याच्या टाकीवरून झालेल्या भांडणातसुद्धा तो बाहेर येतो.

आता कागद. त्या सहा वर्षांत तुमच्या बारवर एकदाही रेड पडली नाही असं होणं कठीण. रेड म्हणजे गाडीत भरून पोलीस ठाणं आणि सकाळी कोर्ट. कलम बहुतेकदा मुंबई पोलीस कायद्याचं ११०, म्हणजे सार्वजनिक जागी असभ्य वर्तन. कधी भारतीय दंड संहितेचं २९४, अश्लील कृत्य. बारचा मॅनेजर वकील घेऊन हजर असायचा. "कबूल म्हण, दंड आम्ही भरतो, दुपारपर्यंत घरी जाशील." रात्रभर जागलेली, घरी तान्हं मूल असलेली बाई दुसरं काय म्हणणार? सेठच्या दृष्टीनं विषय मिटायचा. कायद्याच्या दृष्टीनं मात्र गुन्हा कबूल करून भरलेला दंड ही शिक्षाच असते, रक्कम कितीही किरकोळ असो. उद्या एखाद्या अर्जात "पूर्वी कधी शिक्षा झाली आहे का" असा रकाना आला तर त्याचं उत्तर तुम्हाला माहीत असायला हवं.

याहून त्रासाचा प्रकार म्हणजे अर्धवट राहिलेली केस. जामीन झाला, पुढच्या तारखा पडल्या, पण तोवर भाड्याची खोली बदललेली, समन्स परत गेलं, वॉरंट निघालं. अशी फाइल वर्षानुवर्षं पडून राहते आणि पासपोर्टच्या पोलीस तपासणीच्या वेळी वर येते. शोधताना एक लक्षात ठेवा: रेडमध्ये बायका पुष्कळदा लाइनमधलं नाव सांगायच्या. तेव्हा दोन्ही नावांनी शोधा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावानं शोध घेता येतो. इतक्या जुन्या नोंदी तिथे मिळाल्या नाहीत तर त्या कोर्टाच्या रेकॉर्ड विभागात अर्ज करावा लागतो. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. वॉरंट असेलच तर घाबरू नका. हजर होऊन ते रद्द करून घेता येतं आणि इतकी किरकोळ केस निकाली निघते.

हे आधी का, तर पैसे मागणाऱ्याविरुद्ध तुम्ही पोलिसांत फिर्यादी म्हणून जाणार आहात. त्या टेबलावर तुमच्याच नावाचं जुनं वॉरंट निघालं तर सगळा डाव उलटतो. आणि मुलगी "तुझ्यावर केस होती का?" असं विचारेल तेव्हा "एकदा रेड पडली होती, दंड भरला, कागद कपाटात आहे" हे उत्तर आणि चाचरणं, यांत फार फरक पडतो.

तुम्ही 'पाप' लिहिलंत त्याबद्दल. धर्माचं मला सांगता येणार नाही, कायद्याचं सांगते. तुम्ही ज्या जागेत नाचायचात तिथे परमिट रूमचा परवाना असायचा, करमणुकीच्या कार्यक्रमाचा वेगळा परवाना पोलीस आयुक्तालय द्यायचं आणि सरकार त्याची फी घ्यायचं. २००५ मध्ये तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकारानं मुंबई पोलीस कायद्यात ३३अ आणि ३३ब ही कलमं घातली गेली. पहिल्यानं परमिट रूम आणि बिअर बारमधला नाच बंद केला. दुसऱ्यानं तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना, जिमखान्यांना, क्लबांना सूट दिली. नाच तोच, फक्त गिऱ्हाईक इंग्रजी बोलणारं असलं की अब्रूला धक्का बसत नव्हता.

त्या वेळी ७५ हजार बायकांचा रोजगार जाणार असं कोर्टात सांगितलं जात होतं. एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास संशोधन केंद्रानं एका महिला संघटनेबरोबर ५०० डान्सरशी बोलून अहवाल केला. त्यात चित्र असं दिसलं की कुणी पळवून आणलेल्या नव्हे, तर घर चालवायला आलेल्या बाया इथे होत्या. तो अहवाल कोर्टापुढे गेला. १२ एप्रिल २००६ ला मुंबई उच्च न्यायालयानं बंदी घटनाबाह्य ठरवली. १६ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला. मधली सात वर्षं निकालाला स्थगिती होती, म्हणजे जिंकूनही बार बंदच. २०१४ मध्ये विधिमंडळानं तारांकित हॉटेलांची सूट काढून पुन्हा बंदी आणली, १५ ऑक्टोबर २०१५ ला तिला स्थगिती मिळाली, २०१६ मध्ये नवा कायदा झाला आणि १७ जानेवारी २०१९ ला त्यातल्या बऱ्याच अटी सर्वोच्च न्यायालयानं रद्द केल्या.

या शेवटच्या निकालातली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. बारमध्ये सीसीटीव्ही लावण्याची सक्ती कोर्टानं रद्द केली, कारण ती खासगीपणावर घाला घालते. दिव्यांच्या झगमगाटात, भरल्या हॉलमध्ये नाचणाऱ्या बाईलाही खासगीपणा असतो, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलेलं आहे. म्हणून तुम्ही जे आजवर सांगितलं नाही त्याला फसवणूक म्हणायचं कारण नाही. कुणाला सांगायचं हे ठरवायचा हक्क तुमचा आहे.

(ऑर्केस्ट्रा बारमधल्या वर्षांबद्दल मात्र जपून. तिथे गाण्याला परवानगी होती, पण कित्येक ठिकाणी मागून नाचही चालायचा आणि रेड आली की मुलींना आरशामागच्या चोरखोलीत कोंबायचे. तुम्ही अशा जागी असाल तर तो तपशील वकिलाला सांगा, बाकी कुणालाही नको.)

सनी लिओनीचं उदाहरण मला पटत नाही. ती २०११ मध्ये 'बिग बॉस'मध्ये आली तेव्हा तिचं आधीचं पॉर्न फिल्ममधलं काम इंटरनेटवर होतंच. लपवायला जागाच नव्हती. जन्म कॅनडाचा, काम अमेरिकेत, जिथे ते कायदेशीर. नवरा धंद्यात बरोबरीनं. एवढं पाठबळ असूनही जानेवारी २०१६ मध्ये एका इंग्रजी वृत्तवाहिनीवर तिला पुन्हा पुन्हा भूतकाळाचेच प्रश्न विचारले गेले. तिनं ते शांतपणे झेलले आणि लोकांनी मुलाखत घेणाऱ्यालाच धारेवर धरलं, हे खरं. पण तुमची मुलाखत घेणारा तसा वागला तर तुमच्या बाजूनं कोण बोलणार आहे?

इथे एक सूचना दुसऱ्या वाचकांसाठी. ज्या कुणी वेबकॅमवर किंवा पैसे भरून बघायच्या ॲपवर काम केलंय त्यांनी हे उत्तर जसंच्या तसं उचलू नये. आपल्याकडे तसलं साहित्य इंटरनेटवर टाकणं हाच गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७अ खाली पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. तुमचं 'मोकळेपणानं सांगणं' हा उद्या कबुलीजबाब ठरू शकतो. आधी वकील, मग मैत्रीण, मग बाकीचे.

आता मुलगी. सगळ्यात जास्त विचार इथेच करा.

पहिलं म्हणजे, तिला काहीच माहीत नाही असं धरून चालू नका. मुलं फार बघतात. टीव्हीवर बारच्या रेडची बातमी लागली की आई चॅनल बदलते. मामा आईच्या पैशानं बांधलेल्या घरात राहतो, पण लग्नाच्या पत्रिकेत आईचं नाव घालत नाही. आईचा मेकअपचा हात इतका सफाईदार कसा, हा प्रश्नही मुलींना पडतो. तिच्या मनात काहीतरी आकार तयार असेलच, आणि तो बहुधा खऱ्यापेक्षा भयंकर असतो.

वेळ अशी निवडा की परीक्षा नाही, भांडण नाही, मुलगा क्लासला गेलाय. दिवसा. फोनवर नाही, मावशीला मध्ये घेऊन नाही. सुरुवातीला रडू नका. रडलात तर ती तुम्हाला सावरत बसेल आणि ऐकणं राहून जाईल. घरभाड्याबद्दल बोलतो त्या आवाजात बोला. "तू लहान असताना मी हॉस्पिटलात नव्हते. ठाण्याला एका बारमध्ये नाचायचे, नंतर गायचे. तुझ्या बाबांना माहीत होतं. आता एक माणूस त्यावरून पैसे मागतोय. त्याच्याकडून कळण्याआधी मी सांगतेय." एवढं पुरे. मग गप्प बसा. हे गप्प बसणं फार अवघड जातं, पण बसा.

एक वाक्य मात्र तोंडातून जाऊ देऊ नका: "मी हे सगळं तुझ्यासाठी केलं." खरं असेल तरी नको. माझ्याकडे आलेल्या कितीतरी मुली आईच्या कामाबद्दल नाही, या वाक्याबद्दल रडल्यात. त्या वाक्यानं तिच्या फीचं, तिच्या युनिफॉर्मचं, तिच्या जन्माचंच कर्ज होतं आणि ते फेडायची सोय नसते. पैसे लागत होते, हे काम मिळालं, त्या वेळी ते बरं वाटलं, असं सरळ सांगा. त्यात मजाही होती असं तुम्हाला वाटत असेल, मैत्रिणी होत्या, गाणं आवडायचं, चांगल्या कलेक्शनच्या रात्री रिक्षानं घरी येताना छान वाटायचं, तर तेही सांगा. आईचं सगळं आयुष्य नुसतं दुःखाचंच होतं असं ऐकण्यापेक्षा ते ऐकणं मुलीला सोपं जातं.

ती काय विचारेल? "गिऱ्हाइकांबरोबर जायचीस का?" हा प्रश्न शब्दात आला नाही तरी डोळ्यांत येईल. त्याचं उत्तर आधी ठरवून ठेवा. 'नाही' असेल तर 'नाही' म्हणा. उत्तर वेगळं असेल, किंवा तुम्हाला ते द्यायचं नसेल, तर "ते माझं खासगी आहे, ते मी सांगणार नाही" असं म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. खोटं मात्र नको. वीस वर्षं चाललेलं एक खोटं ती समजून घेईल; ते मिटवायला बसलेल्या दिवशी सांगितलेलं दुसरं खोटं नाही समजून घेणार.

आणि तिचा राग बारबद्दल कमी असेल, हॉस्पिटलबद्दल जास्त. ताई, तिनं नर्सिंग का निवडलं हे तुम्ही तिला कधी विचारलंय? मला तुमचं पत्र वाचताना हेच खटकलं. आई रात्रपाळी करायची, दमून यायची, पेशंटच्या गोष्टी सांगायची. त्या बनवलेल्या गोष्टींवरून एक मुलगी खरंच नर्स व्हायला निघाली असेल. असेलच असं नाही. पण असेल तर तिला लागणार आहे ते इथे. त्याची तयारी ठेवा, आणि तेव्हा बचाव करू नका. हॉस्पिटलचं खोटं सांगितलं त्याबद्दल माफी मागायला हरकत नाही. नाचल्याबद्दल मागू नका. या दोन गोष्टी तुमच्याच मनात वेगळ्या झाल्या तर तिलाही वेगळ्या दिसतील.

नंतर ती काही दिवस बोलणार नाही, हॉस्टेलवर राहायचं म्हणेल. जाऊ द्या. "मग तुला काय वाटतं?" म्हणून रोज निकाल मागू नका. कुणालाही सांगू नकोस अशी शपथही घालू नका. तिला निदान एक माणूस लागेल, मैत्रीण असेल, कॉलेजातली समुपदेशक असेल. टेली-मानसचा १४४१६ हा मानसिक आधारासाठीचा सरकारी क्रमांक मोफत आहे, तोही तिला द्या. एकच अट घाला: भावाला मीच सांगणार.

मुलाबद्दल थोडक्यात. दहावीची परीक्षा होऊ दे असं मी एरवी म्हटलं असतं. पण तो माणूस सोसायटीत बोलला तर मुलाच्या कानावर ते शिवी म्हणून येईल, खाली क्रिकेट खेळताना. म्हणून मुलीनंतर फार दिवस जाऊ देऊ नका. "आई आधी बारमध्ये नाचायची आणि गायची, ते काम होतं, आता नाही करत. कुणी काही बोललं तर मारामारी करायची नाही, मला येऊन सांगायचं." पंधरा वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. पुढचं तो विसाव्या वर्षी विचारेल.

पैसे मागणारा. मुलीला कळलं की त्याच्या हातातलं सगळ्यात महाग पान गेलं, म्हणून आधी मुलगी. मग हे करा. त्याचे सगळे मेसेज, कॉलची नोंद, व्हॉइस नोट ठेवा. किळस येते म्हणून पुसू नका. स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. त्याच्याशी वाद घालू नका, भेटायला तर मुळीच जाऊ नका. आधी काही पैसे दिले असतील तर त्याचा यूपीआयचा किंवा बँकेचा पुरावा काढून ठेवा. तो तुमच्या बाजूचा पुरावा आहे, लाजायचं कारण नाही.

बदनामीची भीती घालून पैसे उकळणं ही खंडणी. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८, सात वर्षांपर्यंत शिक्षा. पैसे दिले नसले तरी खंडणीसाठी नुसती भीती घालणंही त्याच कलमाखाली गुन्हा, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. धमकी देणं हा कलम ३५१ खाली वेगळा गुन्हा. आणि धमकी बाईच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवण्याची असेल तर तिथेही शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. "पण तो म्हणतो ते खरंच आहे ना," हे बायका मला हमखास विचारतात. खरं असलं तरी खंडणी ती खंडणीच. खरी गोष्ट न सांगण्याचे पैसे मागायचाही कुणाला अधिकार नाही.

तक्रार मराठीत, लेखी, एका पानात. "माझ्या पूर्वीच्या कामाबद्दल मुलांना व सोसायटीला सांगण्याची धमकी देऊन" एवढा उल्लेख पुरतो. कुठला बार, किती वर्षं, कशाचीही जंत्री द्यायची गरज नाही. पोलीस ठाण्यातला शिपाई चवीनं विचारेल. "तक्रारीला लागेल तेवढं लिहिलंय, साहेब" म्हणा. पोच घेतल्याशिवाय निघू नका. गुन्हा नोंदवून घेतला नाही तर तोच अर्ज पोलीस उपायुक्तांना रजिस्टर पोस्टानं पाठवता येतो आणि तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. त्याच्याकडे जुने फोटो किंवा व्हिडिओ असतील आणि ते इंटरनेटवर टाकायची धमकी असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिलांसाठीच्या विभागात वेगळी तक्रार करा.

अनुभव सांगते: पोलीस ठाण्यातून एक फोन गेला की असे बरेच जण थंड होतात. त्या काळात तो स्वतः बारमध्ये काय करायला जात होता, हे त्याच्याही बायकोला ठाऊक नसतं.

सोसायटी. खोली तुमच्या नावावर आहे ना? मग तुम्हाला कुणी हात लावू शकत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे सभासदाला काढायचं तर त्यानं संस्थेच्या हिताला बाधक असं काही केलेलं असावं लागतं, सर्वसाधारण सभेत तीन चतुर्थांश बहुमत लागतं आणि वर निबंधकाची मंजुरी लागते. वीस वर्षांपूर्वीची नोकरी त्यात कुठेच बसत नाही. तुम्ही भाड्यानं राहत असतात तर माझा सल्ला जास्त भित्रा असता, कारण अकरा महिन्यांचा करार संपला की घरमालकाला कारण सांगावं लागत नाही. त्या जागी असलेल्या बायकांना मी नेहमी म्हणते, आधी स्वतःचं छप्पर, मग मोकळेपणा. कुणी खोदून विचारलंच तर "हॉटेल लाइनमध्ये होते" म्हणा. ते खोटं नाही. डब्याच्या गिऱ्हाइकांना भाजीत तेल किती असतं एवढ्याशीच मतलब असतो.

मुलीच्या लग्नाचं तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात ते असणारच. तमाशातल्या कामासाठी आपलं सरकार विठाबाई नारायणगावकरांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. आणि संगीतबारीत, म्हणजे तमाशाच्याच एका प्रकारात, नाचलेल्या बाईच्या मुलीला स्थळ शोधायला गेलं की त्याच महाराष्ट्राचा चेहरा बदलतो. कायद्यानं तुम्हाला काही सांगायची सक्ती नाही. हिंदू विवाह कायद्यात फसवणुकीवरून लग्न रद्द करून मागता येतं ते समोरच्या जोडीदाराविषयीची महत्त्वाची गोष्ट लपवली तर. सासूच्या पूर्वीच्या नोकरीचा त्यात उल्लेख नाही. तरी माझं मत असं की नवऱ्या मुलाला कळावं, साखरपुड्याआधी कळावं, आणि ते तुमच्या मुलीनंच त्याला एकट्याला सांगावं. बैठकीत, काका-मामांसमोर हा विषय काढायचा नसतो. पुढे आपल्या आईवडिलांना किती सांगायचं ते त्याचं तो बघेल. सांगायचंच नाही असं तुमच्या मुलीनं ठरवलं तर तेही चालेल. तिथे तुमचं मत विचारलं तरच द्या.

राहता राहिले यूट्यूबवाले. मी कॅमेऱ्याच्या विरुद्ध नाही. २००५ मध्ये काही बायका चेहरा उघडा ठेवून आझाद मैदानात आणि चॅनलांवर बोलल्या नसत्या तर हा प्रश्न रोजगाराचा आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नसतं. पण तेव्हा पाठीशी युनियन होती, वकील होते, आणि बोलणाऱ्यांना काहीतरी मिळवायचं होतं. तुम्हाला या मुलाखतीतून काय मिळवायचंय? मन मोकळं करायचं असेल तर त्याला प्रेक्षक लागत नाहीत. पैसे देतायत म्हणून असेल तर आकडा मला कळवा. आजवर पाहिलेले आकडे दोन महिन्यांच्या डब्यांइतकेही नव्हते, आणि व्हिडिओ मात्र कायम राहतो. तुमचा चेहरा दिसला की तुमच्या मुलीचाही दिसला असं समजा, कारण तिचं नाक तुमच्यासारखं असेल आणि तिच्या वर्गात शंभर फोन आहेत.

दोन्ही मुलांना माहीत झाल्यावर, त्यांची हरकत नसताना, वर्षभरानं वाटलं तर द्या मुलाखत. तेव्हा अटी लेखी घ्या: चेहरा पुसलेला आणि आवाज बदललेला, मूळ चित्रीकरण कुणाला द्यायचं नाही, बारचं नाव, गाव, मुलांचं शिक्षण येणार नाही, प्रसारणाआधी तुम्हाला दाखवायचं, मथळा आणि छोटं चित्र तुमच्या संमतीशिवाय नाही. मथळ्याची अट विसरू नका. आत मुलाखत कितीही सभ्य असली तरी बाहेर ते 'बारबालेची काळी रात्र' असंच काहीतरी लिहितात. हे सगळं कागदावर मागितलं की निम्मे चॅनलवाले फोन उचलायचे बंद होतात. उरलेल्यांचा कागद सही करण्याआधी मला पाठवा.